पायी कोडी-शोध: चुकलेल्याला चूक तिथेच कळली पाहिजे

प्रश्न असा आहे. छत्रपती संभाजीनगरात इतिहास शिकवणाऱ्या एका मॅडमना दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी जुन्या शहरात पायी फिरून सोडवायचा सहा-सात टप्प्यांचा शोध करायचा आहे, जिओकॅशिंगच्या, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेला डबा हुडकायच्या खेळाच्या धर्तीवर. कोडी किती अवघड ठेवावीत, फोनचा जीपीएस पुरेल का, डबे कुठे लपवावेत आणि मुलं भरकटली तर काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्याच्यावर ठरतात. टप्प्याटप्प्याचा शोध कोडं अवघड निघालं म्हणून क्वचितच फसतो. अवघड कोड्यापाशी मुलं अडकतात, डोकं खाजवतात, मदतीचं पाकीट फोडतात आणि पुढे जातात. घात करतं ते चुकीचं उत्तर. अक्षांश-रेखांशाच्या खेळात चुकीचं उत्तरही कुठेतरी नेऊन सोडतंच. फोनमध्ये कुठलेही आकडे भरा, बाण निमूटपणे दिशा दाखवतो. मग मुलं शहागंजच्या गर्दीत कुणाच्या तरी बंद शटरपुढे पाऊण तास उभी राहतात आणि चूक झालेली असते तीन टप्पे मागे. त्यामुळे कुठलाही आराखडा हातात आला की मी आधी एवढंच बघतो: इथे आकडा चुकला, तर पाय उचलायच्या आधी ते कळेल का?

थोडं गणित. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. बीबी का मकबरा साधारण उत्तर १९ अंश ५४.०९ मिनिटं, पूर्व ७५ अंश १९.२१ मिनिटं असा येतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक एकाने चुकला तर १८५ मीटर, दुसरा चुकला तर साडेअठरा मीटर, तिसरा चुकला तर दोन मीटरसुद्धा नाही. रेखांशाची अंतरं आपल्या भागात याच्या सहा टक्के कमी धरा. जुन्या शहरात १९ आणि ७५ बदलत नाहीत, मिनिटांचा पूर्णांकही एखाद-दोनानेच सरकतो. हे सगळं कागदावर छापूनच द्या आणि मुलांकडून फक्त दशांशानंतरचे तीन-तीन अंक काढून घ्या. पूर्ण आकडा शोधायला लावण्यात काही शौर्य नाही. त्याने चुकायच्या जागा तेवढ्या वाढतात.

आता पडताळा. बहुतेक जण 'सगळ्या अंकांची बेरीज अमुक' असं लिहून देतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण पुरत नाही. समजा खरे अंक ४७२ आणि ८०५ आहेत, बेरीज २६. एखाद्या गटाने घाईत ७४२ लिहिलं तरी बेरीज २६च राहते आणि मुलं अर्धा किलोमीटर उत्तरेला जातात. अंकांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि साध्या बेरजेला नेमकी तीच दिसत नाही. म्हणून पहिल्या अंकाला १ने, दुसऱ्याला २ने, असं सहाव्याला ६ने गुणून बेरीज घ्यायला सांगा. वरच्या उदाहरणात ४ + १४ + ६ + ३२ + ० + ३० म्हणजे ८६ येतात. ७४२ लिहिलं तर ८३. गट जागच्या जागी थांबतो, कागद उलटसुलट करतो, चूक सापडते.

या पडताळ्याचा आणखी एक फायदा आहे, आणि शोधाच्या दिवशी तोच जास्त कामाला येतो. एखादा टप्पा ऐनवेळी बाद झाला, म्हणजे दरवाजापुढे मांडव पडला, रस्ता खणून ठेवला किंवा चौकीदाराने आत सोडलं नाही, तर उरलेल्या पाच अंकांवरून सहावा काढता येतो. ८६मधून बाकीचे ५४ गेले, राहिले ३२, चौथ्या जागेचा गुणक ४, म्हणजे अंक ८. हे मुलांना सांगू नका. एखाद्या गटाच्या आपणहून लक्षात आलं, तर तो गट जिंकायच्याच लायकीचा.

टप्पे एकामागे एक ओवायचे की पंख्यासारखे पसरायचे, हे लगेच ठरवा. एकामागे एक ठेवले की गोष्ट रंगते, पण एक दुवा तुटला की सगळं ठप्प, शिवाय सगळे गट एकाच कमानीखाली गोळा होतात आणि दुसरा गट पहिल्याचं उत्तर कानाने ऐकतो. मी पहिले दोन टप्पे ओळीने ठेवतो, म्हणजे मुलांना खेळाची रीत कळते. मधले चार कुठल्याही क्रमाने करायला मोकळे सोडतो, आणि त्या सगळ्यांतून मिळून शेवटचं ठिकाण निघतं. गट चार-चार जणांचे करा. सहा झाले की दोघं नुसती मागून चालतात.

वाट मी सुचवतो ती अशी: भडकल दरवाजा, तिथून खाम नदीकडे महमूद दरवाजा, पाणचक्की, मकई दरवाजा, बेगमपुऱ्याच्या बाजूने बीबी का मकबरा. वाकडी वाट धरूनही तीन किलोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात मलिक अंबरच्या खडकीपासून औरंगजेबाच्या काळापर्यंतचं शहर पायाखालून जातं. दौलताबाद मोहात पाडतं, पण पहिल्याच वेळी नको. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या वाटेत, जीपीएस शून्य, चढ दमवणारा आणि वानरांनी कागद पळवला तर पडताळा काय करणार?

प्रत्येक ठिकाणी काय मोजायचं किंवा वाचायचं, हा भाग सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवा. पहिला नियम, रंगावर विसंबू नका, दगडावर विसंबा. या शहराच्या पाट्या आपल्या डोळ्यांदेखत बदलल्या आहेत. 'फलकावरच्या तिसऱ्या ओळीतलं चौथं अक्षर' असं कोडं घातलं आणि शोधाच्या आठवडाभर आधी फलक नवा लागला की खेळ खलास. दुसरं, पायऱ्या मोजायला लावू नका. जमिनीलगतची पहिली शिळा पायरी धरायची की जोतं, यावर चार जणांची चार मतं होतात आणि चौघांचंही बरोबर असतं. कमानी, खिडक्या, बुरुजांवरच्या चऱ्या मोजणं त्यापेक्षा बरं, पण 'नदीच्या बाजूने उभं राहून दिसतात तेवढ्या' असं बजावून लिहा.

आकड्यांची लिपी हीही एक अडचण आहे. हाताने लिहिलेले १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, ५ आणि ८ मराठी वळणाचे वेगळे, हिंदी वळणाचे वेगळे. उर्दूतला पाच गोलसर असतो, अनोळखी डोळ्याला शून्य वाटतो. उर्दू शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि झिजलेल्या दगडावर तो आकडा आहे की टवका, हे जाणकारालाही दोनदा बघावं लागतं. शिलालेखातला आकडा वापरायचाच असेल तर कोड्याच्या कागदावर दहाही उर्दू अंकांची ओळ छापून द्या.

तुम्ही इतिहासाच्या आहात म्हणून सनावळ्यांचं कोडं जरूर घाला. मराठवाड्यासारखी सोय दुसरीकडे कमी मिळते. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे जुन्या कागदांवर महसुलाचा फसली सन, दर्ग्या-मशिदींत हिजरी, देवळांत आणि पंचांगात शके, आणि वर इसवी सन. दक्षिणेतल्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३५५ फसली हे १९४५-४६. शकात ७८ मिळवायचे. हिजरीला असं ठोक बेरजेचं गणित लागू पडत नाही, कारण चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं आणि आपली ३२ वर्षं होईपर्यंत त्याची ३३ होतात.

याचं एक कोडं करून दाखवतो. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ साली बांधला. ते साल इसवी, शके आणि हिजरीत लिहा आणि तिन्हींचे शेवटचे अंक घ्या: १६१२, १५३४, १०२१, म्हणून २, ४, १. दिसायला छान आहे. पण इतिहासाचा चिकित्सक विद्यार्थी विचारणारच, की १६१२चे सुरुवातीचे महिने शके १५३३ आणि हिजरी १०२०मध्ये पडतात, मग कुठले घ्यायचे? त्याचं म्हणणं रास्त आहे. म्हणून कागदावर 'त्या वर्षीची दिवाळी धरा' एवढे चार शब्द घाला. कोड्यातली संदिग्धता अशी अर्ध्या ओळीत मिटते, आणि न मिटवल्यास रस्त्यावर अर्धा तास भांडण होतं.

सांकेतिक लिपीसाठी इंग्रजी पुस्तकांतल्या अक्षरं सरकवायच्या युक्त्या बहुतेक जण उचलतात. मराठीत त्या बेचव लागतात, काना-मात्रा कुठे ठेवायच्या हेच कळत नाही. आपल्याकडे कटपयादी आहे, म्हणजे अक्षरांतून आकडे लिहायची जुनी रीत. क ते झ हे १ ते ९ आणि ञ शून्य, ट ते ध हे १ ते ९ आणि न शून्य, प ते म हे १ ते ५, य ते ह हे १ ते ८. व्यंजनाला लागलेल्या स्वराला किंमत नाही, सुटा स्वर शून्य, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. देवगिरी घ्या: द ८, व ४, ग ३, र २, उलट वाचले की २३४८. कोड्यातल्या शब्दात ळ तेवढा येऊ देऊ नका, त्याच्या किमतीबद्दल एकवाक्यता नाही.

त्याहून सोपी आणि रसाळ म्हणजे भूतसंख्या: चंद्र १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, ऋतू ६, वसू ८, ग्रह ९, आकाश शून्य. 'आकाश, ऋतू, नेत्र' म्हणजे २६०, कारण इथेही गती डावीकडे. जुन्या शिलालेखांत आणि ज्योतिषाच्या ग्रंथांत साल असंच लिहिलेलं सापडतं, त्यामुळे हे कोडं अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून कुणी नाक मुरडणार नाही. फक्त समुद्र आणि लोक हे शब्द टाळा. समुद्र कुणी चार धरतं, कुणी सात. लोक तीनही आहेत, सातही आणि चौदाही.

किती अवघड, याचं माझं उत्तर जागेवर अवलंबून आहे. उन्हात उभं राहून सोडवायचं कोडं पाच मिनिटांच्या वर जाऊ नये. घरी पंख्याखाली सोडवायचं कोडं रात्रभर पुरलं तरी हरकत नाही. म्हणून कटपयादीसारखं डोकं लावायचं काम आदल्या दिवशी घरी द्या, त्यातून पहिल्या टप्प्याची जागा निघू दे. जिओकॅशिंगमध्ये हा फरक मान्यच आहे. मल्टी प्रकारात दिलेल्या जागेवर खरोखर पहिला टप्पा असतो आणि तिथून पुढे चालायचं असतं. मिस्टरी प्रकारात नकाशावरची जागा नुसती खूण असते, खरी जागा कोडं सोडवूनच मिळते. तुमचा खेळ या दोघांचं मिश्रण होईल.

फोनचा जीपीएस पुरतो. २ मे २०००ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत घोळ असायचा. दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी एक बादली झुडपात ठेवून तिची जागा जाहीर केली आणि हा खेळ जन्मला. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन आज पाच मीटरच्या आसपास जागा दाखवतो. जुन्या शहराच्या बोळांत मात्र भिंतींवरून संदेश उसळून येतो आणि वीस-तीस मीटरचा फरक सहज पडतो. म्हणून बोळातल्या टप्प्याला नुसते आकडे देऊ नका, जोडीला डोळ्यांना दिसणारी खूण द्या. पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनातून वर आल्यावर फोनला मिनिटभर मोकळ्यावर धरून मगच चालायला लागा, असंही लिहून ठेवा. इंटरनेट गेलं तरी जीपीएस चालतो, नकाशा तेवढा आधी उतरवून घ्यावा लागतो. ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स त्यासाठी पुरेत. तुम्ही स्वतः जागा नोंदवाल तेव्हा दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन फोनवर नोंदवा आणि सरासरी घ्या. 'इथून २४० अंशांवर २०० मीटर' असलं होकायंत्राचं कोडं गावात नको. पाच अंशांची चूक झाली तर तेवढ्यातच सतरा मीटर सरकतात, आणि लोखंडी रेलिंगजवळ पाच अंश म्हणजे काहीच नाही.

आता डबे. लपवूच नका. परदेशात झाडाच्या ढोलीत डबा ठेवणं चालतं, आपल्याकडे गर्दीच्या जागी कुणाचा नसलेला डबा दिसला की लोक पोलिसांना फोन करतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. संरक्षित वास्तूत तर खडूची खूण किंवा चिकटपट्टीसुद्धा नको. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याखाली, २०१०च्या दुरुस्तीनंतर, वास्तूला इजा केली किंवा ती विद्रूप केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. मधले सगळे टप्पे नुसते वाचायचे-मोजायचे ठेवा. डबा एकच, शेवटी, आणि तो माणसाच्या हातात: चहाची टपरी, सायकलचं दुकान, पुस्तकांचं दुकान. गटाने परवलीचा शब्द सांगितला की मालक काउंटरखालून डबा काढून देतो. डबा पारदर्शक, घट्ट झाकणाचा, वर मराठी, हिंदी, उर्दूत 'महाविद्यालयाचा खेळ' आणि तुमचा नंबर. आत वही आणि पेन्सिल, पेन नको, उन्हात ते वाहतं किंवा सुकतं. खाण्याचं काही ठेवू नका, मुंग्या तुमच्या आधी पोचतील. जवळच्या पोलीस ठाण्यात आधी अर्ज देऊन ठेवा आणि त्याची पोच खिशात बाळगा.

पुढे हाच खेळ जिओकॅशिंग डॉट कॉमवर कायमचा नोंदवावा असं वाटलं, तर तिथले नियम वेगळे आहेत. प्रत्यक्ष डबे एकमेकांपासून १६१ मीटर लांब हवेत, मिस्टरीची खरी जागा दाखवलेल्या खुणेपासून साधारण तीन किलोमीटरच्या आत हवी, डबा पुरायचा नाही आणि जागेच्या मालकाची परवानगी हवी. कायम देखभालही तुमच्याच गळ्यात. एका दिवसाच्या खेळाला यातलं काही लागत नाही.

लोकांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. 'कुणाला विचारायचं नाही' हा नियम मराठवाड्यात टिकत नाही. चार पोरं दरवाजाकडे माना वर करून बोटं मोजताना दिसली की ओट्यावरचे चाचा विचारतात, "काय हुडकायलेत बाळांनो?" आणि उत्तर ऐकायच्या आत चप्पल पायात सरकवून सोबत चालायला लागतात. ते कमानी मोजून देतात, वर त्यांच्या आजोबांनी सांगितलेला किस्साही देतात. त्यांना अडवणं उद्धटपणाचं होईल. त्यापेक्षा एक टप्पा असा ठेवा की जो विचारल्याशिवाय सुटणारच नाही. नहर-ए-अंबरीच्या, म्हणजे मलिक अंबरच्या जुन्या पाणीवाहिनीच्या वाटेवरच्या चिरेबंदी खांबांना जुने लोक बंबे म्हणतात. त्यांचं काम काय होतं, हे त्या भागातल्या वयस्कर माणसाकडून लिहून आणा, असं सांगा. याला आकडा लागत नाही, गुण द्या.

वेळ दिवाळीनंतरची, फेब्रुवारीच्या आतली. मार्च उजाडला की दहा वाजताच दगड तापतात. सकाळी सातला सुरुवात, साडेदहाला डबा. गट सात-सात मिनिटांनी सोडा. शुक्रवार टाळा, पाणचक्कीला दर्गा आणि मशीद आहे, खेळ लांबला तर दुपारच्या नमाजाच्या गर्दीत मुलांनी मोजमापं करत फिरणं बरं दिसत नाही. पुढच्या वर्षी वेरूळ-अजिंठ्याकडे गेलात तर लक्षात असू द्या, वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथे अत्तर, धूर आणि दगड भिरकावणं सक्त मना. आणि कुठेही झालं तरी न बघता कपारीत हात घालायचा नाही, विंचवाला खेळ कळत नाही.

शेवटचं काम चाचणीचं. ज्याला तुमचा मार्ग ठाऊक नाही असा माणूस धरा, इतिहासाचा नको, वाणिज्य शाखेतला उत्तम. त्याच वारी, त्याच वेळी त्याला सोडा आणि मागून दहा पावलांवर चाला. तोंड उघडायचं नाही, हेच अवघड. तो जिथे थबकतो तिथे कागदावर फुली मारा. जिथे तो थबकत नाही पण चुकीकडे वळतो, तिथे दोन फुल्या मारा आणि ते कोडं नव्याने लिहा.

पहिल्या दोन टप्प्यांचे कागद झाले की मला पाठवा. उत्तरं सोबत देऊ नका, आधी मीच चालून बघतो.